गळा स्टेजचा, चाल सिनेमाची

मराठी मुलखात रॉक गाणाऱ्याने पोट कसं भरायचं, हा प्रश्न आता पन्नास वर्षांचा झाला आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघालं आहे: सिनेमा. आधी एखादं पार्श्वगीत, मग जाहिरातीची धून, मग मालिकेचं शीर्षकगीत आणि जमलंच तर एखाद्या चित्रपटाचं संगीत. बँड मध्येच कुठेतरी सुटतो. मुंबई-पुण्यात बसून पाहिलं तर यात काही वावगं वाटत नाही. गायक मोठा झाला, एवढंच. चंद्रपूर-गडचिरोलीतून पाहिलं की मात्र भलतंच काही लक्षात येतं. रॉक संगीताला जगायला जी व्यवस्था लागते ती, म्हणजे फिरती मंडळी, रात्रभर चालणारा मोठा आवाज, खिशातले पैसे देऊन बसलेलं पब्लिक आणि महिनोन्‌महिने टिकणारा हंगाम, मुंबईच्या रॉकवाल्याला कधी नीट मिळालीच नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आसपास ती शंभर वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. तिथे रॉक नाही, इतकंच.

म्हणून हा आढावा दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. ज्यांनी स्टेजवर गाऊन सिनेमाला चाली दिल्या त्यांचं काय झालं, आणि ज्यांच्याकडे स्टेज आहे त्यांच्या चाली सिनेमात का पोचल्या नाहीत.

नंदू भेंडेंपासून सुरुवात केल्यावाचून गत्यंतर नाही. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा; म्हणजे घरात मराठी नाटक पाणी भरत होतं. पण मुलाने गाणं उचललं ते इंग्रजी. ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडांमधून तो गात होता, आणि १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं तेव्हा त्यातला ज्युडास नंदू भेंडेंनी केला. येशूपेक्षा ज्युडासला गायला अवघड आणि चढं गाणं आहे, हे ज्यांनी ते रॉक संगीतक ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर अकादमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं. ब्रेश्टच्या नाटकाचं पुलंनी केलेलं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात पारंपरिक चालींच्या शेजारी भेंडेंचा रॉकवाला गळा उभा राहिला. मराठी नाटकात दोन्ही सूर एका छपराखाली नांदू शकतात, हे त्या नाटकाने दाखवून दिलं.

त्यापुढची पायरी कुठली असायला हवी होती? मराठी रॉक बँड, मराठी गाणी, मराठी गावं. ती पायरी आली नाही. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतात त्यांनी एक गाणं म्हटलं, देशभर ते वाजलं, आणि पुढची वर्षं मोठ्या प्रमाणात स्टुडिओत गेली, मालिकांना संगीत देण्यात, ध्वनिमुद्रणात, चित्रपटाच्या कामात. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यांचा गळा ज्या ताकदीचा होता त्या मानाने त्यांच्या नावावर मराठी गाणं थोडं राहिलं, असं माझं मत आहे. दोष त्यांचा म्हणता येत नाही. कॉलेजांचे महोत्सव आणि शहरातली मोजकी सभागृहं यांवर बँडच्या पाच जणांचं घर चालत नाही. गिटारवाला बँकेत जातो, ड्रमवाला परदेशी, आणि गाणारा एकटा उरतो. एकट्या गाणाऱ्याला घेणारं तेव्हा एकच दुकान उघडं होतं.

गोव्यात रेमो फर्नांडिसांनी वेगळा डाव टाकला. शिवोलीत वाढलेला, मुंबईच्या सर जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेला हा माणूस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घरी परतला. कंपन्या दाद देईनात तेव्हा त्याने चार ट्रॅकच्या यंत्रावर घरीच गाणी मुद्रित केली. बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली, आवाजावर आवाज स्वतःचेच चढवले. ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम १९८४ चा. कॅसेट तयार झाल्यावर ती दुकानोदुकानी पोचवायलाही तोच. ‘पॅक दॅट स्मॅक’ आणि ‘बॉम्बे सिटी’ आले तोपर्यंत इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय माणसाचं गाणं विकलं जातं, हे कंपन्यांच्या ध्यानात आलं होतं. सिनेमा त्याच्याकडे आला तो या सगळ्यानंतर किंवा याच्या बरोबरीने: बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये (१९८५) गाणं, ‘जलवा’चं (१९८७) शीर्षकगीत, १९९५ मध्ये मणिरत्नमच्या ‘बॉम्बे’च्या हिंदी आवृत्तीत रहमानच्या चालीवर गायलेलं ते गाणं, जे आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. २००७ साली पद्मश्री.

रेमोच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट पद्मश्री नव्हे, क्रम आहे. आधी स्वतःचं गाणं, स्वतःचं गाव, स्वतःचं गिऱ्हाईक, मग सिनेमा. त्यामुळे सिनेमा त्याला पाहुणा म्हणून बोलवत राहिला, घरगडी करू शकला नाही. संगीतकार म्हणून सिनेमात तो फार रमला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच टिकला.

नंतरच्या मंडळींचा हिशोब थोडक्यात उरकता येतो, कारण त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे. विशाल ददलानीचा ‘पेंटाग्राम’ १९९४ चा. १९९९ पासून शेखर रावजियानीबरोबर सिनेमाचं संगीत सुरू झालं आणि तो देशातल्या सर्वांत व्यग्र संगीतकारांपैकी एक झाला. तरी त्याने बँड मोडला नाही. २०११ मध्ये पेंटाग्रामच्या अल्बमचं नाव ठेवलं ‘ब्लडीवूड’. सिनेमाचा पगार घेऊन सिनेमाला शिवी, हा प्रामाणिकपणाचा एक प्रकार मानायला हरकत नाही. मराठीत अवधूत गुप्तेने २००२ मध्ये वैशाली सामंतबरोबरच्या ‘ऐका दाजिबा’ने लोकगीताला गिटार आणि ड्रमची जोड दिली, ते गाणं गावच्या बँडपथकांनी उचललं, आणि पुढे तो संगीतकाराबरोबर दिग्दर्शकही झाला, ‘झेंडा’ २०१० चा. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने मात्र आख्ख्या बँडनिशी सिनेमात पाऊल टाकलं. ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत कुणा एकाच्या नावावर नाही, बँडच्या नावावर आहे. इतक्या वर्षांत हे इतक्या क्वचित घडलं की अपवाद म्हणूनच सांगावं लागतं.

परदेशातही फार निराळं नाही. डॅनी एल्फमन हा ‘ओइंगो बोइंगो’ या बँडचा गायक. टिम बर्टनने १९८५ मध्ये त्याला पहिला मोठा चित्रपट दिला, १९८९ मध्ये ‘बॅटमन’ आला, आणि १९९५ च्या हॅलोविनला बँडने शेवटचा कार्यक्रम करून दुकान बंद केलं. मार्क नॉप्फ्लरने ‘डायर स्ट्रेट्स’ चालू ठेवून ‘लोकल हिरो’ला संगीत दिलं. पण नॉप्फ्लरमागे लाखो तिकिटं घेणारे लोक होते. ज्याच्या मागे स्वतःचं पब्लिक आहे तो सिनेमाकडे पाहुणा म्हणून जातो, ज्याच्या मागे नाही तो नोकरीला लागतो. रेमो आणि भेंडे यांच्यातला फरकही माझ्या मते गुणांचा नाही, याचाच आहे.

आणि हे काही गिटारीपासून सुरू झालेलं नाही. मराठी बोलपटाची सुरुवातच स्टेजवरच्या गाणाऱ्यांनी केली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. संगीत नाटकातला नट, पेटीवादक, चाली बांधणारा, असा हा माणूस. पाठोपाठ भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव. ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ त्यांचे. नाटक कंपन्या कर्जात बुडत होत्या आणि गाणारी माणसं प्रभात फिल्म कंपनीकडे जात होती. त्या काळातल्या रसिकांनी नाट्यसंगीत गेलं म्हणून गळे काढले. गाणाऱ्यांनी पगार घेतला. रॉकवाल्यांनी चाळीस वर्षांनी तेच केलं.

आता विदर्भाकडे. नागपूरचे विजय पाटील, म्हणजे ‘राम-लक्ष्मण’ या संगीतकार जोडीतले लक्ष्मण. ऑर्केस्ट्रातला ॲकॉर्डियनवाला. दादा कोंडक्यांनी ‘पांडू हवालदार’साठी (१९७५) या जोडीला घेतलं. जोडीदार राम लवकरच गेला, पाटलांनी नाव तसंच ठेवलं, आणि १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ व १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ देऊन देशभरच्या लग्नांना गाणी पुरवली. २०२१ च्या मे महिन्यात नागपुरातच ते गेले. त्यांना कुणी रॉकवाला म्हणणार नाही, पण विदर्भातल्या ऑर्केस्ट्राच्या स्टेजवरून सिनेमाच्या संगीतापर्यंतची वाट त्यांनी पुरी चालून दाखवली. त्यांना उचललं ते कुणा ध्वनिमुद्रण कंपनीने नव्हे, तर ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या लोकनाट्यातून वर आलेल्या नटाने. स्टेजवरच्या माणसाला स्टेजवरचाच माणूस ओळखतो. असा ओळखणारा नागपूरच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात, कधी फिरकला नाही.

तो फिरकला असता तर त्याला काय दिसलं असतं? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा जो तळ्यांचा, धानाचा आणि जंगलाचा भाग, त्याला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून घरात आलं, भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हे चालतं. गावातल्या लेकी-जावयांना निरोप जातात, नातेवाईक उतरतात, घरात चहाची पातेली खाली उतरत नाहीत. सोयरिकी जुळतात त्याही याच दिवसांत. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडताना संपतं. गावातली मंडळं नाटक ठरवतात, तिकिटं लावतात, आणि उरलेल्या पैशातून गावाचं एखादं काम करतात. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या सगळ्याचं पेठेचं गाव. गडचिरोली जिल्ह्याचा बराचसा भाग आगगाडीशिवाय राहिला, पण गोंदिया ते बल्लारशा या मार्गावर वडशाला स्टेशन आहे, आणि नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच थाटली गेली. पन्नासच्या आसपास कंपन्या हंगामात बाहेर पडतात. या रंगभूमीसाठी कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या बऱ्याच संपादकांना झाडीपट्टी नकाशावर शोधावी लागली असणार.

हे सगळं सरकारी अनुदानावर चाललेलं नाही, हा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. पुण्या-मुंबईचं प्रायोगिक नाटक, शास्त्रीय संगीताचे महोत्सव, रॉकचे कार्यक्रम, सगळ्यांच्या पाठीशी कुणी ना कुणी प्रायोजक उभा असतो. इथे मंडपात बसलेला माणूस स्वतःच्या पैशाने बसलेला असतो, आणि कंटाळला तर तो उठून शेकोटीकडे जातो. अशा पब्लिकसमोर रात्रभर गाणं टिकवणं हे काम कुठल्याही रॉक गायकाला घाम फोडील. थंडी असते, ध्वनिक्षेपकाचा भरवसा नसतो, आदल्या रात्री दुसऱ्या गावात गायलेलं असतं आणि दुपार गाडीत गेलेली असते. गाणारा नटही असतो. कोविडमुळे २०२० चा हंगाम बुडाला तेव्हा ही सगळी माणसं शेतावर आणि मजुरीवर गेली, कारण महिन्याचा पगार देणारं कुणी नव्हतं.

संगीताची घडण कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. मुळात दंडार आहे, नाचत गात सोंगं आणणारी, बायकांची कामं पुरुषांनी करायची. दुसरीकडे खडी गंमत आहे, डफ, ढोलकी, टुणटुणं घेऊन शाहीर उभ्याने गातो. कीर्तन आणि भजन तर आहेच. त्यावर संगीत नाटकाची पेटी आणि तबला चढला. पेटीची जागा ऑर्गनने घेतली, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. स्टेजच्या पुढ्यात बसलेले हे साथीदार नाटक अक्षरशः हातात धरून चालवतात: खलनायक आला की ऑक्टोपॅडवर वीज कोसळते, आई रडली की कीबोर्ड सनई होतो. सिनेमाचं पार्श्वसंगीत ज्याला म्हणतात ते हे लोक रोज रात्री, समोर नट पाहून, जागच्या जागी रचतात. मुंबईत हेच काम पडद्यावर दृश्य पुन्हापुन्हा चालवून केलं जातं आणि त्याला मोठं नाव आहे.

एवढं असून इथून सिनेमाला चाल गेली नाही. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. कंपन्या हंगामाला नवी नाटकं काढतात. नाटक संपलं की त्यातली गाणीही संपतात. ती छापली जात नाहीत, मुद्रित होत नाहीत. गावाची मागणीही दुहेरी असते. नाटकातलं रडवणारं गाणं हवं, आणि त्या वर्षी गाजलेलं सिनेमाचं गाणंही नाचासकट हवं. म्हणजे चालींची वाहतूक एकाच दिशेने होते, मुंबईहून वडशाकडे. ‘सैराट’च्या चाली इथल्या किती स्टेजवर वाजल्या असतील ते अजय-अतुलना ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यातली तंतुवाद्यं हॉलीवूडच्या स्टुडिओत मुद्रित झाली होती. ती इथे एका कीबोर्डवर निघाली आणि मंडपाने तरीही शिट्या मारल्या.

भाषेचंही एक दुखणं आहे. नाटकाची भाषा प्रमाण मराठीकडे झुकलेली, झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. नायक-नायिकेने प्रेमाचं गाणं म्हणायचं तर पुस्तकी मराठीत. झाडीबोलीच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसाने आयुष्य दिलं, पण त्या बोलीत गंभीर गाणं बांधून ते गाजवण्याचं धाडस स्टेजने फार केलं नाही. रेमोने जे केलं ते हेच होतं: घरात जी भाषा आणि जो ठेका होता तो तसाच यंत्रावर चढवला. झाडीपट्टीत याहून पुढची एक भिंत आहे. एटापल्ली, भामरागडकडे गेलं की माडिया-गोंडांची रेला गाणी, ढोलांचा ठेका आणि रात्रभर फेर धरून चालणारा नाच सुरू होतो. कुठल्याही रॉक संगीतकाराने ज्यासाठी जीव टाकावा असा तो ताल आहे. नाटकाच्या स्टेजवर मात्र तो ‘आदिवासी नृत्य’ म्हणून दोन मिनिटांपुरता येतो, बहुतेक वेळा चेष्टेचा विषय होऊन. हे मला खटकतं आणि ते इथे लिहून ठेवतो.

याच जिल्ह्यांत जोरकस सामूहिक गाण्याच्या आणखी वाटा आहेत. तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांची धग होती, असं इंग्रज सरकारला वाटलं आणि चंद्रपुरात त्यांना पकडून पुढे नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. एक माणूस, एक खंजिरी, स्वतःची रचना, स्वतःची चाल आणि समोर हजारो लोक. गिटार तेवढी नव्हती. दुसरी वाट चंद्रपूरच्या दीक्षाभूमीची. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत जो जनसमुदाय जमतो त्याच्यासमोर भीमगीतं आणि कव्वाल्या होतात. भीमगीतांचा गायक स्वतःचं पब्लिक घेऊन फिरतो, आणि आंबेडकरी शाहिरीतूनच मराठी सिनेमाला अलीकडचा सर्वांत टोकदार स्टेजवाला संगीतकार मिळाला: संभाजी भगत.

भगत डफ हातात घेऊन कामगार वस्त्यांत गाणारे शाहीर. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाची संकल्पना आणि संगीत त्यांचं. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला त्यांनी संगीत दिलं, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यातला खटल्यात अडकलेला लोकशाहीर साकारला नागपूरच्या वीरा साथीदारांनी, जे मूळचे नट नव्हतेच, चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने त्यांना नेलं. ‘कोर्ट’मधली गाणी सिनेमासाठी गोड केलेली नाहीत. स्टेजवर जशी घोगरी, रागीट आणि उघडी असतात तशी ती पडद्यावर आहेत. मराठीत रॉक कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी इलेक्ट्रिक गिटारकडे बोट दाखवणार नाही, या डफाकडे दाखवीन.

सिरोंचातून गोदावरी ओलांडली की तेलंगण, आणि तिथे गद्दर. ऑगस्ट २०२३ मध्ये गेलेला हा गायक १९७९ च्या ‘मा भूमि’ चित्रपटात घोंगडी आणि काठीसकट गाताना दिसतो. तीन दशकांनी ‘जय बोलो तेलंगणा’त पुन्हा गातो. दोन्ही वेळी सिनेमाने त्याला बदललं नाही, कारण रस्त्यावर त्याच्यामागे सिनेमापेक्षा मोठी गर्दी होती. त्याच्या राजकारणाविषयी गडचिरोलीतल्या माणसाचं मत फार गुंतागुंतीचं असू शकतं. बंदुकीच्या सावलीत गाणं ऐकलेले लोक आहेत हे. पण धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तरी धडा तोच.

सर्वांत जवळचं उदाहरण मात्र तमिळ आहे. पन्नैपुरम गावचा इलयराजा तरुणपणी भावांच्या ‘पावलर ब्रदर्स’ या फिरत्या मंडळीत पेटी वाजवत खेड्याखेड्यांतून हिंडला. कम्युनिस्ट पक्षाच्या सभांना गाणी, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. मग मद्रासला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकला आणि १९७६ मध्ये ‘अन्नकिळी’ने तमिळ सिनेमाचा कान बदलला. खेड्यातली चाल त्याने सोडली नाही, तिच्यावर व्हायोलिनांचा ताफा चढवला. झाडीपट्टीतल्या ऑर्गनवाल्याजवळ यातला पहिला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा, म्हणजे शिकणं, स्वरलिपी, स्टुडिओ आणि ओळख, वडशात नाही आणि नागपुरातही सहज नाही.

परत चंद्रपूर जिल्ह्यात यायचं तर इथलं दुसरं मोठं स्टेज आनंदवनाचं. वरोऱ्याच्या ‘स्वरानंदवन’ने कुष्ठमुक्त, अंध, अपंग कलावंतांचा वाद्यवृंद घेऊन महाराष्ट्रभर कार्यक्रम केले. गातात सिनेमाचीच गाणी. त्यांचा हेतू वेगळा आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही, पण चंद्रपूरचा सर्वांत माहितीतला वाद्यवृंदही चाली उसन्याच वापरतो, हे आढाव्यात नोंदवायला हवं.

सिनेमाने या भागाकडे पाहिलंच नाही असं नाही. तृषांत इंगळेंचा ‘झॉलीवूड’ २०२२ मध्ये आला, झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवर, इथल्याच नटांना घेऊन. कॅमेरा आला, नट पडद्यावर गेले. या रंगभूमीचा चाल बांधणारा माणूस स्वतंत्र संगीतकार म्हणून सिनेमाच्या पाटीवर येणं अजून बाकी आहे.

आणि तिथे कायद्याचा एक भाग येतो, ज्याकडे वडशातल्या कार्यालयांत फारसं कुणी पाहत नसावं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क दिला जो निर्मात्याला लिहून देता येत नाही. त्याआधी चाल एकरकमी विकली जायची; भेंडेंच्या पिढीने तशीच विकली. आज एखाद्याने स्वतःची चाल बांधून ती आपल्या नावावर नोंदवली, तर सिनेमाने, मालिकेने किंवा दुसऱ्या कंपनीने वापरल्यावर त्याला पैसा मागता येतो. उलट बाजूही आहे: तिकीट लावून सिनेमाचं गाणं स्टेजवर वाजवणं ही हौशी मंडळाला मिळणाऱ्या सवलतीत बसत नाही. म्हणजे उसनी चाल दोन्हीकडून महाग पडते, फक्त बिल अजून आलेलं नाही.

आता मोबाइलवर झाडीपट्टीच्या नाटकांचे तुकडे फिरतात. त्यावर नायकाचं नाव असतं, नायिकेचं असतं, कंपनीचं ठळक असतं. चाल कुणाची ते बहुधा नसतं. एवढी एक सवय बदलली, गाण्याखाली नाव आलं, हंगामाच्या शेवटी कंपनीने आपल्या नाटकाची चार गाणी नागपूरच्या स्टुडिओत जाऊन नीट मुद्रित केली, तर कुणा तरी दिग्दर्शकाच्या कानावर ती पडतील. पुण्याहून एखादा गिटारवाला बँड या मांडवात आणून पाहावा असंही मला वाटतं, मात्र त्याला पहाटे चारपर्यंत गावं लागेल आणि शेकोटीकडे उठून जाणारे लोक थोपवावे लागतील. सिनेमाला चाली देणारा इथला पहिला माणूस रॉकवाला निघेल की ऑक्टोपॅडवाला, यावर पैज लावायची तर मी ऑक्टोपॅडवाल्यावर लावीन. हंगामभर रोज रात्री सराव तोच करतो.